पाहुण्यांसाठी सजवलेला नवरा

आमच्याकडे पाहुणे येणार म्हटलं की आजारी माणसाला आधी न्हाऊमाखू घालतात. मीही तेच केलं. धाकटे दीर आणि जाऊ कुपवाडहून तासगावला येणार होते, म्हणून सकाळीच ह्यांची दाढी केली, अंघोळ घातली, इस्त्रीचा शर्ट चढवून बटणं लावली आणि खुर्चीत बसवलं. अर्धांगवायूनं ह्यांचा उजवा हात लुळा पडलाय. फौजेतली ताठ बसायची सवय मात्र गेलेली नाही.

दिरांना मीच बोलावलं होतं. माझं गर्भाशय काढायचं ठरलं होतं आणि नंतर महिनाभर जड काही उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तेवढे दिवस त्यांनी भावाला घेऊन जावं, एवढंच माझं म्हणणं.

मी सगळं फोड करून सांगितलं. चालतात, पण धरून उभं करावं लागतं. जेवतात, पण भाकरी कुस्करून द्यावी लागते. संडासाला जातात, पण धुवायला मी लागते. दीर मान हलवत होते, डोळे मात्र भावावर. हे डाव्या हातानं कप उचलून ऐटीत चहा पीत होते. सांडू नये म्हणून मी तो अर्धाच भरला होता.

"दादा, तुझं तुला जमतंय न्हवं?" दिरांनी विचारलं.

"व्हय की. माझं मी करतो. हिलाच उगं लय काळजी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाऊ म्हणाली, आमच्या शेजारचे तर अंथरुणालाच खिळलेत, त्या मानानं तुमचं बरंच. म्हणजे माणूस एक तर पडलेला, नाही तर धडधाकट. मधल्याला सांभाळणारी बाई नुसती कुरकुरी. गाडीला किक मारताना दीर म्हणाले, काही लागलं तर फोन करा वैनी.

ते जाताच ह्यांनी हाक मारली. लघवीला जायचं होतं.

"करा की आता तुमचं तुमी," मी म्हणाले आणि जागची हलले नाही.

उठायला जमेना, म्हणून ते डाव्या हातानं लेंग्याच्या नाडीशी झटत राहिले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं लेंगा भिजला, खुर्ची भिजली, ओघळ माझ्या पायापर्यंत आला.

दया आली म्हणाल तर अजिबात नाही. राग आला, कारण तेही मलाच पुसायचं होतं. फरशी पुसली, ह्यांना काखेत हात घालून उचललं, कपडे बदलले. मग दवाखान्यात फोन करून सांगितलं, ऑपरेशन आत्ता नको, घरात करणारं कुणी नाही.