पत्रिकेतून उडालेला मोठा जावई

हसाचं असन तं आत्ताच हसून घ्या राजेहो, मंग मले बोलू द्या. इतका येडपटपणा मी जिंदगीत दुसऱ्यांदा केला नाही!

घाटंजीच्या बसस्टँडजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे. साळीचं, म्हणजे बायकोच्या लहान बहिणीचं लग्न ठरलं. मी त्या घरचा मोठा जावई, तवा पत्रिका छापाचं काम मलेच. आता आमच्याकडं पत्रिकेत नाव खाली आलं म्हणून माणसं लग्नाले येत नाहीत, ठाऊक आहे ना? तीन दिवस सासऱ्याच्या, म्हणजे मामाजीच्या ओसरीवर नुसता कल्ला. शेवटी यादी ठरली. मी ती कम्प्युटरमंधी टाकली अन् मामाजीनं कागद टराटरा फाडला. "आता कोणी पुन्हा तोंड उघडाचं नाही!"

जावयांत पयलं नाव माझं! मी तं हवेतच होतो.

पण यादी टाकली कुठं? सॉफ्टवेअरसोबत पत्रिकेचा नमुना येते ना, त्याच्याच पोटात. वेगळ्या नावानं सेव्ह कराचं, हे मीच गिऱ्हाइकाले रोज शिकवतो!

छपाईच्या आदल्या दिवशी सॉफ्टवेअर म्हणे, नवीन आवृत्ती घ्या. घेतली. चौकट आली: 'ही फाईल तुम्ही बदलली आहे. तुमची ठेवू की नवीन टाकू?'

बायको, सुनीता, डबा घेऊन मागंच उभी. "अवो, नीट वाचा तं!"

"त्यात काय वाचाचं? नवीन ते नवीन!" दाबलं.

मंग जुनी आवृत्ती काढाले बसलो. पुन्हा चौकट: 'ही फाईल दुसरे प्रोग्रामही वापरतात. काढू का?'

"दुसरे कोण बे? दुकान माझं, कम्प्युटर माझा!" सगळ्याले 'हो' म्हणून टाकलं.

उघडून पाह्यतो तं काय! एकाही प्रोग्राममंधी मराठी अक्षर नाही, नुसते चौकोन. सगळे मिळून ज्या फॉन्टवर जगत होते, तोच मी उडवला होता. कसाबसा परत टाकला अन् पत्रिका वाचली: 'श्री. अमुक तमुक यांची कन्या.' नमुना कोरा करकरीत! यादी साफ!

"आता?" सुनीता रडकुंडीले आली.

"आता फोन. ज्याले त्याले विचारतो, यादीत कोण कुठं होता."

मामाजीचे मोठे भाऊ, मोठेबाबा म्हणे, "सगळ्यात वर मी होतो." आत्याजीचे यजमान म्हणे, "वर मी होतो, तो माझ्या खाली." धाकटा साडू तं म्हणे, "भाऊ, जावयांत पयला मीच होतो, विसरले काय?" सगळ्याईले खुश करता करता दिवस गेला. म्हटलं, आपलं नाव काय, आपल्याच हातचं आहे, शेवटी टाकू.

अन् पत्रिका छापून वाटल्या. ज्यानं त्यानं आपापलं नाव तेवढं पाह्यलं.

लग्नात मानाची टॉवेल-टोपी सुरू झाली. माइकवाला पत्रिका हातात धरून एकेक नाव पुकारून राह्यला. मोठेबाबा झाले, साडू झाला. मी शर्ट नीट केला, केसं बसवले. नाव येतच नाही!

मामाजी घाबरून जवळ आले. "जावाईबापू, तुमचं नाव काहून नाही? आमच्यावर रुसले काय?" सासूबाईनं डोळ्याले पदर लावला. आता कोणावर रुसू? नाव टाकाचं मीच विसरलो होतो! शरमेनं मान वर होईना.

तेवढ्यात माइकवाला ओरडला, "थांबा थांबा! खाली बारीक अक्षरात अजून एक नाव आहे! मुद्रकसाहेब, जिथं असान तिथून समोर या!"

माझ्या दुकानाची ओळ होती ती. तेवढी एकच मी वेगळ्या फाईलीत ठेवली होती.

गेलो. टोपी घातली. मांडव हसून हसून लोटपोट.

तवापासून सासरी मले कोणी जावाईबापू म्हणत नाही. दारात पाय ठेवला की सासूबाईच आवाज देते, "सुनीता, मुद्रक आले वो, चहा ठेव!"