जसाच्या तसा आवाज

घरासाठी स्पीकर घ्यायला गेलो होतो. दुकानात तासभर तीच तीन गाणी वेगवेगळ्या जोड्यांवर ऐकून कान बधिर झाले होते. सगळेच स्पीकर छान वाटत होते आणि एकही घ्यावासा वाटत नव्हता.

तेवढ्यात साठीचं एक जोडपं आलं. काकूंनी दुकानदारापुढे मोबाइल धरला. "यात यांनी म्हटलेलं भजन आहे, ते लावा."

पहिल्याच जोडीवर भजन भरदार, घुमणारं वाजलं. काका खूश होऊन माझ्याकडे बघू लागले.

"अहो, तीच ओळ इथं म्हणा बघू," काकू म्हणाल्या.

काका लाजले, पण खाकरून गायले. आवाज बारीक होता आणि वरच्या सुरावर जरा चिरकत होता.

"हा नको," काकूंनी दुकानदाराला सांगितलं. "यांना उगीच मोठं करतोय."

चौथ्या जोडीवर काका जसेच्या तसे चिरकले. "हा द्या."

"अगं, पहिल्यावर मी किती छान वाटत होतो."

"वाटत होतात. पण मला सवय याची आहे."

मला हसू आलं आणि थोडा हेवाही वाटला. आवाज पारखायला तयार कान लागतात, असं मी समजत होतो. पण त्याआधी एखादं माणूस इतकं ऐकलेलं असावं लागतं, की त्याच्या आवाजातला दोष हरवला तरी चुकल्यासारखं वाटावं.

काहीच न घेता मी बाहेर पडलो आणि बायकोला फोन लावला. "काम काही नाही," मी म्हणालो, "तू नुसती बोलत राहा."