साखरेच्या बेटावर गूळ

उन्हातून कुणी दारात आलं की रंगूबाई त्याला आधी गूळ-पाणी देते आणि मग काम काय ते विचारते. मीटर बघायला आलेला वायरमन असो नाहीतर मत मागायला आलेला पुढारी, वाटीत गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी ठरलेलं. नातसून पूजा म्हणते, आज्जी, आता लोकांना शुगर असते, ते हात जोडतात. रंगूबाई म्हणते, जोडू देत की, आपण पुढं ठेवायचं. शेजारचा दादासो तर गेली कित्येक वर्षं रोज येतो, रोज वाटीला हात जोडतो आणि नुसतं पाणी पितो. तरी त्याच्यापुढं रोज खडा ठेवला जातो. पंचाहत्तरी उलटली, कंबर वाकली, पण हा रिवाज काही तिनं सोडला नाही.

आणि गंमत अशी, की याच गुळापायी सारं गाव तीस वर्षं तिची चेष्टा करत आलं आहे. कडेगाव तालुक्यातल्या त्या गावात कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, क्युबावाली रंगूबाई कोण, तो हसत हसत घर दाखवील.

तिचा नवरा नाथाजी हा लाल बावट्याचा माणूस. घरची थोडी जिरायत आणि विहिरीच्या पाण्यावर तुकडाभर ऊस, पण गडी कायम मोर्च्याला नाहीतर सभेला. नांगराचा कासरा रंगूबाईच्या हातात आणि जगाची काळजी नाथाजीच्या डोक्यात, अशी त्या घरची वाटणी होती. पहिली मुलगी झाली तेव्हा त्यानं तिचं नाव क्रांती ठेवलं. बारशाला बायकांना ते नाव पाळण्याशी म्हणताना हसू आवरेना. रंगूबाईच्या मनात दुसरं नाव होतं, पण ती काही बोलली नाही. माणूस दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता आणि रात्री कंदिलाशी बसून तिला दुनियेच्या गोष्टी सांगत होता. एवढ्यावर ती खूश होती, आणि ते ती आजही उघड सांगते.

ब्याण्णव साली नाथाजी सांगलीच्या सभेहून आला तो गहू गोळा करायचं खूळ डोक्यात घेऊनच. देवळापुढं त्यानं गाव जमवलं आणि सांगितलं, की लांब समुद्रात क्युबा नावाचं एक बेट आहे. शेजारच्या बड्या देशानं त्याची नाकेबंदी केली आहे आणि त्याला धान्य पुरवणारा रशिया स्वतःच कोसळला आहे. पोरांना पाव मिळेना झालाय. आणि हे बेट कसलं, तर स्वतःच्या ताटात काही नसताना आफ्रिकेतल्या नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांना डॉक्टर धाडणारं आणि तिकडची पोरं आपल्याकडं आणून शिकवणारं. आपल्याला कुणी विचारत नव्हतं तेव्हा आपण काय भोगलं ते आठवा, म्हणाला. आता आपल्या देशातून गव्हाचं जहाज निघणार आहे, त्यात आपल्या गावचं एक तरी पोतं पाहिजे. त्या बेटावर ऊस अमाप पिकतो, हेही त्यानं भाषणात सांगितलं होतं. पण नेमकी तेवढ्यापुरती रंगूबाई म्हशीची धार काढायला घरी गेली होती.

आता गहू म्हणजे काय सोपी गोष्ट नव्हती. टेंभू योजनेचं कालव्याचं पाणी यायला अजून लय वर्षं होती. शिवारात शाळू पिकायचा, पोट भाकरीवर भरायचं आणि गहू डब्याच्या तळाशी सणासाठी राखलेला असायचा. तरी बायकांनी दिला. नाथाजी सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून दारोदार फिरला. कुणी शेरभर घातला, कुणी अर्धा. धोंडुबाई नावाची एकटी म्हातारी होती, तिनं ओंजळभर आणून टाकला आणि विचारलं, तिथली पोरं पोळी खातात का भाकरी. पाव खातात, असं नाथाजी म्हणाला. पाव कशाशी खातात, हे काही त्याला सांगता आलं नाही.

भरलेलं पोतं रंगूबाईच्या सोप्यात आलं. दादासो तेव्हा तरणा होता, नाथाजीचा सभेतला जोडीदार. तो दाभण आणि सुतळी घेऊन तोंड शिवायला बसला आणि मध्येच तंबाखू थुंकायला बाहेर गेला. तेवढ्यात रंगूबाईनं आतून गुळाची भेली आणली, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळली आणि गव्हात खोल खुपसली. तिच्या आईची तशी रीत होती. दुसऱ्याच्या घरी धान्य जायचं असेल तर कोरडं धाडायचं नाही, पहिला घास गोड व्हायला हवा. तो तिच्या स्वतःच्या उसाचा, शेजारच्या गुऱ्हाळात डोळ्यांदेखत केलेला गूळ होता. बेटावरच्या कुठल्यातरी बाईनं पोतं सोडावं, फडकं उलगडावं आणि हसावं, एवढंच तिच्या मनात होतं.

पोतं ट्रकमधून सांगलीला गेलं. त्या संध्याकाळी जेवताना तिनं हौसेनं नाथाजीला सांगितलं. त्यानं भाकरीचा तुकडा हातातच धरला.

“आगं, ते साखरेचं बेट हाय. आख्ख्या जगाला साखर पुरवतंय ते. आन तू तिथं गूळ धाडलास?”

मग तो हसायला लागला, आणि इतका हसला की ठसका लागून तिलाच पाणी द्यावं लागलं. हसला ते ठीक, पण दुसऱ्या दिवशी त्यानं दादासोला सांगितलं, आणि दादासोला सांगणं म्हणजे तालुक्याला सांगणं. त्या दिवसापासून सभेच्या लोकांना चहा घेऊन रंगूबाई बाहेर आली, की दादासो हटकून विचारायचा, “वयनी, आता समुद्रात मीठ कवा टाकताय?” लोक हसायचे, तीही हसायची. चेष्टेचं तिला कधी वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच एका गोष्टीचं. हसता हसता एकदा दादासो बोलून गेला होता, की गूळ ओल धरतो, जहाज समुद्रातनं महिनाभर जाणार, गूळ पाघळला असेल, गव्हाचे गोळे झाले असतील, मुंग्या लागल्या असतील. आख्खं पोतं फेकलं असेल त्यांनी. तो बोलला आणि विसरला. रंगूबाईच्या मात्र ते काळजाला लागलं. पोतं काही तिच्या एकटीचं नव्हतं. त्यात गावच्या बायकांचा सणाचा गहू होता, धोंडुबाईची ओंजळ होती. आपल्या येडेपणानं ते सारं समुद्राच्या पाण्यात गेलं की काय, हा सल तिच्या मनात राहिला. पावसाळ्यात डब्यातला गूळ पाझरायला लागला की तिला ते पोतं आठवायचं.

ती हे फक्त नाथाजीजवळ बोलायची. तो म्हणायचा, पोचलं आसंल गं, खाल्लं आसंल कुणीतरी. शेवटच्या दुखण्यात अंथरुणावरूनही त्यानं हेच सांगितलं. आपली समजूत घालतोय, हे तिला कळत होतं. दुनियेची खबर ठेवणाऱ्या माणसाला ही एक खबर कुठून मिळणार, असं तिला वाटायचं.

नाथाजी गेला. बावटा घडी घालून ट्रंकेत पडला. टेंभूचं पाणी आलं आणि जिकडं बघावं तिकडं ऊस उभा राहिला, पण तो सगळा कारखान्याला जातो. गुऱ्हाळं बंद पडली. पूर्वी रस उकळायला लागला की वास वेशीपर्यंत यायचा आणि काहिलीभोवती शेजारपाजार गोळा व्हायचा. आता लांबच्या एका गुऱ्हाळातून भेली आणवावी लागते. रंगूबाई कधी कधी सोप्यात बसून नुसता तो वास आठवते. त्या वासाबरोबर सायकल आठवते, कंदील आठवतो, आणि पायातल्या चपला न काढताच सभेत काय झालं ते सांगायला लागलेला नवरा आठवतो.

नातू शिवतेज मिलिटरीत गेला. पलटणीत तो ॲम्बुलन्स चालवतो. गेल्या साली त्याची तुकडी संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानला गेली. आफ्रिकेतला हा देश, पूजा शाळेत होती तेव्हा कुठं स्वतंत्र झालेला. निघताना रंगूबाईनं त्याच्या बॅगेत गुळाची भेली घातली. या खेपेला मात्र प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून.

चैत्रातल्या एका दुपारी पूजाचा फोन वाजला. पडद्यावर शिवतेज, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या केसांचा एक उंच, काळाभोर माणूस. शिवतेज भराभर सांगू लागला. हे डॉक्टर देंग, इथल्या दवाखान्यातले. औषधाची खोकी न्यायला भर उन्हात छावणीवर आले, तेव्हा घरच्या सवयीनं त्यानं त्यांना गूळ-पाणी दिलं. डॉक्टरांनी खडा तोंडात टाकला आणि तसेच उभे राहिले. म्हणाले, हे मी लहानपणी खाल्लंय, क्युबात. तिथं हे ताडाच्या पानात बांधून मिळायचं. त्यांच्या मुलखात लढाई पेटली होती तेव्हा त्यांना इतर पोरांबरोबर जहाजात घालून त्या बेटावर धाडलं होतं. तिथंच शिकले, तिथंच डॉक्टर झाले आणि देश स्वतंत्र झाल्यावर इथं परत आले. ब्याण्णव साली कुठं होता, असं शिवतेजनं विचारलं. तिथल्याच शाळेत होतो, म्हणाले.

रंगूबाईनं फोन हातात घेतला. गहू आला होता का, एवढंच तिनं विचारलं.

डॉक्टर इंग्रजीत बोलत राहिले आणि शिवतेज मराठीत सांगत गेला. त्या दिवसांत पाव हाताच्या तळव्याएवढा झाला होता. सकाळी पोरं बागेत फळं तोडायची, दुपारी शिकायची आणि रात्री भुकेनं झोप यायची नाही. एक दिवस पाव वाटताना शिकवणाऱ्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हे पीठ भारतातून आलंय, तिथल्या लोकांनी गावोगाव फिरून गोळा केलंय. मी स्वतः दुसऱ्याच्या देशात वाढलेला पोर, डॉक्टर म्हणाले, मला वाटायचं आम्हाला सांभाळणारं हे एकच बेट जगात आहे. त्या दिवशी कळलं, बेटाला सांभाळणारंही कुणीतरी आहे.

रंगूबाईला नाथाजीचं देवळापुढचं भाषण जसंच्या तसं आठवलं. पण तिला जे विचारायचं होतं ते अजून राहिलं होतं.

“त्यांस्नी इचार, पोत्यात गूळ पाघळला आसंल तर त्यो गहू फेकला का त्यांनी?”

शिवतेज हसला. त्याला गावातली चेष्टा ठाऊक होती, आजीच्या मनातला सल ठाऊक नव्हता. त्यांना कसं ठावं आसंल आज्जी, म्हणाला. रंगूबाई म्हणाली, तू इचार. त्यानं सगळी हकिकत डॉक्टरांना सांगितली. डॉक्टर हसले नाहीत. सावकाश, एकेक शब्द करत बोलले. शिवतेजचा आवाजही खाली आला.

“आज्जी, ते म्हणत्यात, त्या साली तिथं कुणी कायबी फेकत नव्हतं. मुंग्या झाडून खाल्लं आसतं. आन गोड लागलं आसतं तर पोरांनी भांडून खाल्लं आसतं.”

रंगूबाईनं फोन पूजाच्या हातात दिला आणि पदर डोळ्यांना लावला. ती रडली, पण ते रडणं सुखाचं होतं. नवऱ्याची सारी भाषणं तिनं आयुष्यभर खरी मानली होती. फक्त अंथरुणावरून केलेलं हे शेवटचं, सगळ्यांत लहान भाषण तिनं खरं मानलं नव्हतं.

उन्हं कलताना काठी टेकत दादासो आला. रंगूबाईनं रोजच्यासारखी वाटी आणि तांब्या पुढं ठेवला आणि त्याला सगळं सांगितलं. दादासोनं काठी बाजूला ठेवून ऐकलं. मिठाचं काही विचारलं नाही.

“नाथाजी पायजे हुता,” तो म्हणाला.

“त्यांस्नी ठावंच हुतं,” रंगूबाई म्हणाली. “मलाच न्हवतं.”

दादासोनं वाटीला हात जोडले नाहीत. खडा उचलून तोंडात टाकला, घोटभर पाणी प्यायला आणि वाटी पुन्हा तिच्यापुढं धरली.