कात्रीने मारलेला नायक

डायलिसिसच्या त्या वॉर्डात सहा पलंग होते, सहा मशिनं होती आणि भिंतीवर एक टीव्ही होता. मशिनं चालवायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट गुळमुळीत बोलणाऱ्या माणसांची तिला कीव यायची.

सोळा वर्षं ती सकाळी साडेसहाला येऊन पेशंटांची वजनं करत होती, हातांना सुया टोचत होती आणि रक्त मशीनमधून साफ होऊन परत जाईपर्यंत चार तास नजर ठेवून उभी राहत होती. त्या चार तासांत केव्हाही मान वर केली, की भिंतीवर कुणीतरी कुणाच्या तरी प्रेमात पडलेलं असायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत असा एकही सिनेमा तिने पाहिला नव्हता. तुकडे मात्र हजारो पाहिले होते, आणि तेवढ्यावर तिचं मत पक्कं झालं होतं. या लोकांना कामधंदा नाही.

मालिकेत दवाखाना आला, की तिचं तर डोकंच फिरायचं. सुई चिकटपट्टीशिवाय हाताला लोंबतेय, ऑक्सिजनचा मास्क हनुवटीवर आलाय आणि मरणारा माणूस दहा मिनिटं भाषण ठोकतोय! "दम लागलेला माणूस 'पाणी' म्हणतो," ती सगळ्यांना ऐकवायची. "तेही निम्मंच."

घरी तिचा नवरा रंगारी. दिवसभर शिडीवर चढून लोकांच्या भिंती रंगवायचा आणि संध्याकाळी टीव्हीसमोर बसून ढसाढसा रडायचा. सवत नव्हती, पण नायिका होत्या. "अहो, नाक पुसा," एवढंच बोलून कात्री भाजी चिरायला घ्यायची. या माणसाने लग्नाआधी तिला एकदाही प्रेमाचं काही म्हटलं नव्हतं. फक्त तिच्या आईचं स्वयंपाकघर फुकट रंगवून दिलं होतं, दोन हात. तिच्या लेखी विषय तिथेच मिटला होता.

मग वॉर्डात मोठ्या बाई आल्या. कुठल्याशा शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. साखरेने आधी डोळे नेले होते, आता मूत्रपिंडं. सोमवार, बुधवार, शुक्रवार सून त्यांना सोडून जायची. टीव्हीखालचाच पलंग त्यांना मिळाला, आणि आदल्या संध्याकाळची, सकाळी नऊला पुन्हा लागणारी मालिका त्या कानांनी बघू लागल्या. पण त्या मालिकेत निम्मा वेळ कुणी बोलतच नसे, नुसतं संगीत चालायचं.

"आता काय झालं गं?" पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं.

"काही नाही. तो बघतोय."

"कुणाकडे?"

"तिच्याकडे. ती खिडकीकडे बघतेय. आता खिडकी दाखवतायत."

शेजारच्या पलंगावरचे घड्याळं दुरुस्त करणारे काका फिसकन हसले. तेव्हापासून बाई आल्या की नऊला कात्रीच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. मशीनचे आकडे लिहिता लिहिता ती सांगायची. "हा म्हणे इमारतींचे नकाशे काढतो. सव्वा वर्षात पेन्सिल धरलेली बघितली नाही मी. हिचं फुलांचं दुकान आहे, गिऱ्हाईक आलं की ही रडत आत पळते. आता त्याच्यासोबत दुसरी बाई बघितली म्हणून चाळीस भाग रुसलीय. अगं बये, विचार ना त्याला! बहीण आहे ती त्याची, आम्हाला सगळ्यांना माहितेय!"

मोठ्या बाई खोट्या रागाने म्हणायच्या, "तुझी टीका नको, गोष्ट सांग." पण ऐकताना मान तिच्याकडेच वळलेली असायची.

एका बुधवारी सकाळपासूनच सगळं बिनसलं होतं. दोन नंबरचं मशीन सारखं कोकलत होतं, काकांच्या हातातून रक्त थांबत नव्हतं, आणि भिंतीवर नायकाची गाडी दरीकडे निघाली होती. बोलणं नाही, नुसते ढोल. शेवटी खडकावर पडलेला एक बूट दाखवला आणि भाग संपला.

"काय झालं? सांग ना!" मोठ्या बाईंचा आवाज चढला.

"मेला," कात्री म्हणाली. "गाडी दरीत गेली, संपला. सुटली बिचारी. आता तरी दुकान उघडेल."

बोलून ती काकांच्या हाताकडे वळली, आणि विसरलीही. त्याच दिवशी दुपारी टीव्ही बंद पडला. शुक्रवारी भिंतीवर नुसता काळा पडदा होता. मोठ्या बाई शब्द न बोलता चार तास पडून राहिल्या, त्यांचं बीपी दोनदा घसरलं. सोमवारी त्यांचा पलंग रिकामा राहिला. सुनेला फोन केला तर ती रडकुंडीला आलेली. "आई म्हणतात, आता पुरे झालं. सुया नकोत, काही नको. दारच उघडत नाहीत."

डायलिसिस चुकवलं की काय होतं, ते कात्रीला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. मग बुधवारचं आपलं 'मेला, संपला' तिला आठवलं, आणि तिने तसाच नवऱ्याला फोन लावला. तो शिडीवर होता.

"अहो, त्या नकाशेवाल्याचं पुढे काय झालं?"

"अगं, काय सांगू!" शिडीवरच त्याने नाक ओढलं. "मेंढपाळाला सापडला तो. जिवंत आहे, पण काही आठवत नाही. स्वतःचं नावसुद्धा नाही!"

कात्रीने कपाळावर हात मारला. इतकी टुकार गोष्ट तिला स्वतःच्या तोंडाने सांगायला लागणार होती.

काम आवरून ती मोठ्या बाईंच्या घरी पोचली. दुसरा मजला, चिंचोळा जिना. खोलीत पुस्तकांची दोन कपाटं होती, पण पुस्तकांसमोर आता औषधांच्या बाटल्या लागल्या होत्या. सुनेने हाक मारल्यावर बऱ्याच वेळाने कडी निघाली. पाय सुजलेले, चेहरा फुगलेला.

"मोठ्या बाई, तो जिवंत आहे."

"कोण?"

"नकाशेवाला. एका मेंढपाळाला सापडलाय. त्याची... त्याची स्मृती गेलीय."

मोठ्या बाई फणकारल्या. "माझी समजूत काढायला आलीस तर निदान बरी थाप तरी मारायची. इतकं भिकार ते लोकसुद्धा लिहिणार नाहीत."

"लिहितात हो! देवाशपथ लिहितात!" कात्री कळवळून म्हणाली. सोळा वर्षं जे ती ओरडून सांगत होती, त्यावर नेमकं आज कुणी विश्वास ठेवत नव्हतं. तिने फोन लावला आणि बाईंच्या कानाशी धरला. "अहो, सांगा यांना. सगळं सांगा."

रंगाऱ्याने सगळं सांगितलं. मेंढपाळाची झोपडी, कपाळावरची पट्टी, नायिकेचा फोटो बघून "ही कोण?" म्हणणं. शेवटी तो हुंदके देऊ लागला, तेव्हा मोठ्या बाईंनी फोन बाजूला केला.

"हा माणूस खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मग खोटं कोण बोललं?"

"मी," कात्री म्हणाली. "मला वैताग आला होता त्याचा. बूट दिसला, मी मारून टाकला."

वर्गात सापडलेल्या मुलीसारखी ती मान खाली घालून उभी होती. मोठ्या बाईंनी चाचपत खुर्ची ओढली आणि बसल्या.

"तुला वाटतं, मी त्या नटव्यासाठी रडत होते? मी चाळीस वर्षं मुलांना भाषा शिकवलीय, मला कळत नाही होय तो फालतूपणा? अगं, त्या सुया टोचून घ्यायला उठायचं म्हणजे पुढे काहीतरी घडायचं बाकी पाहिजे. माझ्या घरात आता काही घडत नाही. तिथे निदान त्याने तिला ती बाई बहीण आहे हे सांगायचं बाकी होतं. तू म्हणालीस संपला. म्हटलं, बरं, संपलं."

कात्री खाली बसली आणि बाईंच्या सुजलेल्या पायावर अंगठा दाबून बघू लागली. खळगा पडला तो भरेचना.

"दुपारच्या पाळीत एक मशीन रिकामं आहे," ती म्हणाली. "रिक्षा खाली थांबवलीय मी."

"एका अटीवर. जे दिसेल ते आधी सांगायचं. जसंच्या तसं. तुझं मत त्यानंतर."

"मत सांगायचं ना पण?"

"न सांगून कुठे जाशील?"

जिना उतरताना एकीकडून सून आणि दुसरीकडून कात्री असा आधार देत त्यांनी बाईंना खाली आणलं. त्या दिवशी मशीनने त्यांच्या अंगातून चार किलो पाणी काढलं.

टीव्ही गुरुवारी दुरुस्त झाला. पुढची दोन वर्षं कात्रीने अट पाळली. आधी "तो दार उघडतोय, ती उभी आहे, हात थरथरतोय" असं इमानदारीत सांगायचं, आणि मग दम घेऊन त्या सगळ्यांची चामडी सोलायची. तिचं मत तसूभर बदललं नाही. मालिकेच्या शेवटी लग्न झालं, तेव्हा "एवढ्यात माझी तीन मशिनं भंगारात गेली," असं ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी नवी मालिका लागली.

"कसा आहे दिसायला?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"उंच. केस कपाळावर. पावसात भिजत उभा आहे, ती गच्चीवर आहे, दोघं बघतायत." तिने सुईवरची चिकटपट्टी नीट दाबली. "सांगू आता?"

"सांग," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि काकांनी आपली उशी जरा वर सरकवली.