लाल की निळा, आणि मावसाजींचा बांबू

दोन वस्तूंमधून एक निवडायची असली की अख्ख्या नागपूर जिल्ह्यात माझ्या मावसाजींइतका सुखी माणूस नाही, आणि त्यांच्यासोबत गेलेल्या माणसाइतका दुःखी दुसरा कोणी नाही. हे मी ऐकीव सांगत नाहीये, सोबत जाणारी मीच असते! मावसाजी म्हणजे माझ्या मोठ्या मावशीचे मिस्टर. नरखेडकडे त्यांची छोटीशी संत्र्याची बाग आहे, थोडी कपाशी आहे, एक विहीर आहे आणि एक बैलजोडी आहे, जिच्याशी ते घरच्या माणसांपेक्षा जास्त बोलतात. नागपुरात काही घ्यायचं असलं की एसटीने येतात, आमच्याकडे उतरतात, आणि आई लगेच माझ्याकडे बघते. म्हणजे, जा बाई आता. एकदा गांधीबागेत सदऱ्याचं कापड घ्यायला गेलो. दुकानदाराने दोन तागे काढले. मावसाजींनी दोन्ही बाहेर उन्हात नेऊन पाहिले, चुरगळून पाहिले, हुंगून पाहिले, रस्त्यावरच्या एका हातगाडीवाल्याला थांबवून त्याचं मत घेतलं, त्याचं मत पटलं नाही म्हणून त्याच्याशी वाद घातला, आणि शेवटी एक टॉवेल घेऊन बाहेर पडले. मी म्हटलं, "मावसाजी, कापडाचं काय?" तर म्हणाले, "दोन्ही चांगले होते वं. मग एकाले काहून नाराज करायचं?"

स्टँडवर दोन हॉटेलं आहेत, तिथे भजी कुठे खायची हे ठरवण्यात त्यांची गावची शेवटची गाडी सुटलेली आहे, आणि भजी राहिली ती राहिलीच. आयुष्यात त्यांनी पटकन ठरवलं ते एक लग्नच. मुलगी पाहायला गेले, चहा प्यायले आणि तिथेच हो म्हणून टाकलं. हे ते फार अभिमानाने सांगतात. मावशी आतून ओरडते, "दाखवाले मी एकटीच होती म्हणून! दुसरी असती तर अजून तिथंच बसले असते चहा पीत."

तर अशा माणसाने गेल्या दिवाळीत ठरवलं की ट्रॅक्टर घ्यायचा. नुसता ट्रॅक्टर घ्यायचा हे पक्कं झालं. कोणता, हा प्रश्न पुढे होता, आणि बाजारात त्यांना परवडतील असे छोटे ट्रॅक्टर नेमके दोन होते. एक लाल, एक निळा. लाल वर्धा रोडवर, निळा कामठी रोडवर, म्हणजे शहराच्या दोन टोकांना. मला तर वाटतं देवाने मुद्दाम केलं.

सगळ्यांना ते सांगायचे की वखरणीसाठी पाहिजे, बैल आता थकले. बैल कुठले थकले, चांगले दांडगे आहेत! खरी गोष्ट मावशीची होती, आणि ती आम्हा सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी मावशी विहिरीजवळ पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन अंगणापर्यंत येते, त्याच्या पुढे नाही. बाग गावापासून लांब, मधात दगडगोट्यांचा नाला. बैलगाडीत बसायचं नाव काढू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलेलं. आणि ही बाग कोणाची, तर मावशीची. नवी नवरी असताना, विहीर व्हायच्या आधी, नाल्यातून डोक्यावर घागरी आणून तिने एकेक कलम जगवलेलं आहे. गेले दोन बहार तिने झाडावर फूल पाहिलं नाही. मावसाजींनी एकदा पांढऱ्या फुलांनी भरलेली एक डहाळी टोपीत खोचून घरी आणली, तर हरखून जायचं सोडून ती भडकली, "तोडून आणली? तेवढी संत्री गेली नं!" मग त्यांनी खुर्चीला बांबू बांधून चार माणसांकडून तिला न्यायचं ठरवलं. निम्म्या वाटेपर्यंत गेलेही, पण गावातली पोट्टी मागून 'पालखी आली, पालखी आली' करत निघाली आणि मावशीने हट्टाने खुर्ची परत फिरवली. तेव्हा आता ट्रॅक्टर. मोठ्या चाकाचा, मडगार्डवर गादी टाकून मावशीला ऐसपैस बसवता येईल असा, आणि अगदी हळू चालणारा. येत्या बहाराच्या आत. संत्र्याला जानेवारी संपता संपता फूल फुटतं आणि होळीच्या आत गळून जातं, म्हणजे वेळ भरपूर होता. दुसऱ्या कोणत्याही माणसाला भरपूर होता.

पहिल्या दिवशी आम्ही लाल पाहायला गेलो. दुकानातले साहेब टाय-बिय लावून आले आणि ट्रॅक्टरचं असं कौतुक करून राहिले की विचारू नका. मावसाजींनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे गा. वाईट काय आहे ते सांग."

"काका, वाईट काहीच नाही!"

"असं कसं? खोड नाही असा बैल मी आजवर पाहिला नाही. लपवून राहिला तू."

मग ते ट्रॅक्टरच्या मागून गेले, जिभेने चुक् चुक् आवाज करत, एक हात पुढे धरून. मला आधी समजेना. मग लक्षात आलं, लाथ मारते का ते पाहत होते! सवय हो, दुसरं काय. बॉनेटवर थोपटलं, खाली वाकून पोट पाहिलं, चाकाला पायाने ढोसलं आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाले, "स्वभावाने गरीब आहे." कामठी रोडवर निळ्याचं पण हेच. तिथला पोरगा हुशार निघाला. वाईट काय विचारल्यावर म्हणाला, "काका, थंडीत सकाळी सुरू व्हायला जरा कुरकुर करते." मावसाजी एवढे खूश झाले की त्याला खिशातली दोन संत्री काढून दिली. मला वाटलं, झालं, निळा! घरी आल्यावर म्हणतात, "पण लाल बिचारा बोलला नाही म्हणून त्याचं काय चुकलं?"

पुढच्या खेपेला ते मोजमाप घेऊन आले. मोजमाप म्हणजे एक बांबू. संत्र्याच्या फांद्या फळांनी खाली वाकल्या की मोडू नयेत म्हणून त्यांच्या खाली दुबेळक्याच्या, म्हणजे वर दोन फाटे असलेल्या बांबूचे टेकू लावतात नं, त्यातलाच एक. बागेतली सगळ्यात खाली आलेली फांदी बघून त्यांनी तो तिच्या उंचीचा कापला होता. ट्रॅक्टर या बांबूखालून गेला तर झाडांखालून जाईल, नाही तर फांद्या छाटाव्या लागतील, आणि मावशीची एक फांदी छाटायची हिंमत त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. दुसऱ्या हातात मावशीचा जेवायला बसायचा पाट. मडगार्डवर पाट मावला तर मावशी मावेल, असा हिशेब. एसटीत कंडक्टरने विचारलं, "काका, या बांबूचं तिकीट?" तर म्हणाले, "तो उभ्यानं येते."

आणि मग काय सांगू, मी, कॉलेजात जाणारी मुलगी, सायकलरिक्षात बसून, मांडीवर पाट आणि खांद्यावर बांबू घेऊन बर्डीच्या मेन रोडवरून गेले. माझ्या वर्गातल्या दोघी समोरून येत होत्या. मी पाट तोंडासमोर धरला. शोरूममध्ये गेल्यावर मलाच मडगार्डवर पाट ठेवून बसवलं. "तुही मावशी तुह्यापेक्षा दुप्पट आहे. जरा अंग सोडून बस." मी गाल फुगवले. साहेब भिंतीकडे तोंड करून हसून राहिले होते. निकाल असा लागला की लालच्या मडगार्डवर पाट फिट्ट बसला, पण त्याचा धुराचा पाइप बांबूच्या वर गेला. निळा बांबूखालून आरामात गेला, पण मडगार्ड एवढं अरुंद की मी पाटासकट खाली आले.

म्हणजे लाल घेतला तर झाडं छाटा, निळा घेतला तर मावशी घरी. मावसाजींनी पाट काखेत मारला आणि बांबू उचलून चालायला लागले. त्यांची नेहमीची मजा मला तेव्हा पहिल्यांदा दिसली नाही. रिक्षात म्हणाले, "तिले नेतो म्हणून तिचीच झाडं कापू का गा मी?" ते मला 'गा' म्हणाले, पोरीला 'वं' म्हणायचं हेही विसरले.

बांबू ते आमच्याकडेच ठेवून गेले, कंडक्टरशी पुन्हा भांडण नको म्हणून. आई त्याच्यावर कपडे वाळत घालायला लागली. दर पंधरवड्याला मावसाजी यायचे, ओले कपडे काढून बांबू घ्यायचे, लालकडे जायचे, निळ्याकडे जायचे. दोन्ही दुकानांत आता न विचारता चहा यायचा. निळ्याच्या दुकानातल्या पोराचं लग्न ठरलं ते त्याने घरच्यांच्या आधी मावसाजींना सांगितलं! तिकडे गावात अजून एक प्रकार. मावशीला ट्रॅक्टरवर चढता यावं म्हणून त्यांनी अंगणात पायऱ्यांचा ओटा बांधायला घेतला. गवंड्याने विचारलं, किती उंच? तर लालचं मडगार्ड उंच आणि निळ्याचं बुटकं, म्हणून सांगितलं, "दोघांच्या मधात बांध." आता तो ओटा असा झाला की कोणत्याच ट्रॅक्टरच्या कामाचा नाही.

संक्रांतीला मी गावी गेले. मावशी अंगणात बाजेवर पाय लांब करून तीळ निवडत बसली होती. म्हणाली, "काय करून राहिले वं हे नागपुरात? दोन तर गाड्या. एक घ्या नं एक सोडा." मला कोणी असं विचारलं की राहवतच नाही! मी उठून सगळं करूनच दाखवलं, मागून चुक् चुक् करत जाणं, माझे फुगवलेले गाल, पाट, कंडक्टर. मावशी हसून हसून रडायला आली. मग मी बांबूवर आले, आणि तिचं हसू हळूहळू थांबलं.

"तो बांबू त्यायनं कवा कापला?"

"दिवाळी झाल्या झाल्या."

"अवं पण तवा झाडं लदलेली होती! फांद्या पार वाकून टेकूवर आल्या होत्या. संत्री उतरली की फांदी वर जाते नं." तिने आपला हात खाली नेला आणि सोडून दिल्यासारखा वर उचलला. "आता तर हत्ती जाईन तिथून. आणि फळं लदल्यावर तसंही आपण आत वखर घालत नाही, बैलाचा पण नाही."

तेवढ्यात मावसाजी बैलांना पाणी पाजून आले. मावशीने त्यांना फक्त एवढं विचारलं, "अवो, तुम्ही रोज बागेत जाता नं? कवा वर पाहिलं का?" मावसाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग हातातली बादली खाली ठेवली, आणि पोट्ट्यासारखे बागेकडे पळत सुटले. चप्पल न घालता. परत आले तेव्हा धापा टाकत दारातच उभे राहिले. "लाल," म्हणाले. बास, एवढंच. "लाल."

पण लाल तोपर्यंत वाट बघत बसला नव्हता. हिवाळ्यात सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवे झाले होते आणि दुकानात नंबर लागले होते. दिवाळीत नाव टाकलं असतं तर पहिल्याच गाडीत आला असता, असं साहेब म्हणाले, अगदी वाईट वाटून म्हणाले. फूल यावं म्हणून बागेचं पाणी बंद ठेवलं होतं, तो ताण तोडून पाणी दिलं. कळ्या आल्या. फूल फुटलं. संध्याकाळी वारा गावाकडे फिरला की वास अंगणापर्यंत यायचा, आणि मावसाजी घरात जाऊन बसायचे. एवढ्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच घाई करताना पाहिलं. आठवड्यातून तीनदा नागपूर, आणि आता चहा आला तरी प्यायचे नाहीत. ओट्यावर विटांचा अजून एक थर चढवून ठेवला.

ट्रॅक्टर आला तो होळीच्या दुसऱ्या दिवशी. मी तिथेच होते. मावशीने नवं लुगडं नेसलं. ओट्यावरून मडगार्डवर गेली, खाली गादी, गादीवर पाट. मी मागे उभी. मावसाजी असे चालवून राहिले होते की बाजूने जाणाऱ्या बकऱ्या आम्हाला मागे टाकून गेल्या. नाला आला तेव्हा ते स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढत 'हो हो हो' म्हणाले, आणि ट्रॅक्टर काही त्याने थांबला नाही, पण मावशीला एक हिसका बसला नाही, खरं सांगते.

बागेत पोचलो. फूल नव्हतं. एक पण नाही. खाली मातीत पाकळ्या पिवळ्या पडून गेल्या होत्या आणि फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं धरली होती. इंजिन धडधडत होतं आणि मावसाजींचे हात स्टिअरिंगवरच होते. ते तिच्याकडे बघत नव्हते. मी पण नाही. मला वाटलं, आता ही रडेल, आणि ती रडली तर या माणसाचं काय होईल?

मावशी बराच वेळ वर बघत होती, मग खाली बघायला लागली. आणि मग तिचा आवाज आला, इंजिनवर चढवून, "हे गवत कोणाच्या बारशाले ठेवलं? आळे काहून नाही केले अजून? आणि त्या कोपऱ्यातल्या झाडाची साल पाहा, डिंक येऊन राहिला, दोन वर्षं डोळे कुठं होते तुमचे?"

मावसाजींनी हात पुढे केला आणि इंजिन बंद केलं. एकदम एवढं शांत झालं की पाखरं ऐकू यायला लागली. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि तोंड तिच्याकडे वळवून म्हणाले, "हं. आता सांग. नीट ऐकू येऊन नव्हतं राहिलं."

ती सांगत राहिली. एकेका झाडाकडे बोट करून, उन्हं उतरेपर्यंत.