बासष्ट दिव्यांचा चिटणीस

काशीरामइतका नियमाला चिकटून बसलेला माणूस आमच्या बेटाने दुसरा पाहिला नाही. हे मी रागाने म्हणत असलो तरी खरं आहे.

बोरिवलीत वीज कधीच आली होती. पण खाडी ओलांडून आमच्यापर्यंत तार ओढायला कोणी तयार नव्हतं. मग त्रेपन्न साली बासष्ट घरांनी मिळून वीज सहकारी मंडळी काढली. एक जुनं ऑइल इंजिन दोन होड्या जोडून आणलं आणि मिठागरात पंप चालवलेल्या काशीरामला चिटणीस केलं. चिटणीसही तोच आणि इंजिन चालवणाराही तोच, संध्याकाळी सात ते दहा. तीन वर्षांत तो अंधार पडल्यावर कधी बेटाबाहेर राहिला नाही, सख्ख्या भाचीच्या लग्नालाही नाही.

घरटी एकच दिवा, चाळीसचा. इंजिनाची ताकदच तेवढी. कोणी गुपचूप मोठा दिवा लावला तर काशीरामला इंजिनाच्या आवाजावरून कळायचं आणि सकाळी तो दारात हजर व्हायचा. कोणाकडे कार्य असलं की दोन-तीन शेजाऱ्यांनी आपले दिवे मालवायचे आणि तिकडे जास्तीचे लावायचे, अशी आमची रीत. मात्र अर्ज एक दिवस आधी हवा. माझ्या बहिणीच्या, जयंतीच्या साखरपुड्याला मुलाकडची मुलुंडची मंडळी न कळवता एक दिवस आधीच येऊन बसली. मी धावत गेलो तर हा म्हणतो, अर्ज कालच यायला हवा होता. पाहुणे अर्धवट उजेडात चाचपडत जेवले. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

छप्पन सालच्या मार्गशीर्षात त्याची सून विमला अडली. मूल पायाळू होतं. भरतीबरोबर होडीने नर्सबाई आल्या, पण विमलाला बोरिवलीला न्यायचं ठरेपर्यंत ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. जे व्हायचं ते घरातच. आणि काशीरामचं घर शेवटच्या खांबावर. चिटणीसाने चांगला उजेड स्वतःकडे ठेवला असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याने जोडणी मुद्दाम तिथून घेतलेली. तिथवर पोचेपर्यंत वीज अशक्त व्हायची आणि दिवा लालसर, मरतुकडा जळायचा; बाकीचे मालवले तरच उजळायचा. या उजेडात मला काही दिसत नाही, असं नर्सबाई म्हणाल्या. काशीरामच्या बायकोचं, मालनवहिनींचं उत्तर काय? आम्ही अर्ज केलेला नाही.

माझी बायको नलिनी तिथे मदतीला होती. ती घरी आली आणि मला न विचारता आमचा दिवा मालवला. मी म्हटलं, त्याला अर्ज करू दे की.

"बाळंतीण काशीराम आहे का?" ती म्हणाली आणि पुढच्या घरी गेली.

मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या आळीतली घरं मी घेतली, दिवे मालवायला सांगत फिरलो. शेवटी इंजिनघराशी पोचलो, तर काशीरामचा चेहरा पांढराफटक आणि हात इंजिन बंद करायच्या दांड्यावर.

"भार उतरतोय रे. तार तुटून पडलीय. कोणीतरी मरेल."

"बंद करू नकोस. लोकांनी विमलासाठी दिवे मालवलेत. फक्त तुझ्या घरचा चालू आहे."

त्याने हात काढला. मग म्हणाला, "अर्ज नाही केला मी."

"उद्या कर."

आम्ही दोघं तेलाच्या डब्यांवर बसून राहिलो. त्या धडधडीत घरचं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. साडेआठच्या सुमाराला इंजिन जरासं कण्हलं. काशीरामने मान वर केली.

"एक लागला," तो म्हणाला. मग दोन, पाच, आणि पुढे मोजता येईनात इतके भराभर. वाईट बातमी असती तर लोकांनी अशी घाई केली नसती, हे दोघांनाही एकदमच कळलं. तो डब्यावर बसल्या बसल्या रडायला लागला. माझाही जीव भांड्यात पडला. नात झाली, दोघी सुखरूप आहेत, हे सांगायला नलिनी धापा टाकत आली, तेव्हा तो डोळे पुसत होता.

"दशरथ, जयंतीच्या साखरपुड्याला मी दिवे द्यायला हवे होते."

"हो, हवेच होते," मी म्हटलं. उगाच नाही कशाला म्हणू?

त्या दिवशी दहा वाजून गेले तरी त्याने इंजिन थांबवलं नाही. तसा अर्ज कोणीच केला नव्हता.