खुर्चीला बांधलेलं लेकरू

निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली. नोकरीतली किती तरी प्रकरणं विसरलो, पण उन्हाळ्यातली ती एक दुपार डोक्यातून काही जात नाही. कंधार तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. जेवणाचा डबा नुकताच उघडला होता, तेवढ्यात ठाणे अंमलदार धावत आत आला. एकशे बारा नंबरवर कॉल आला होता. फाट्यावरच्या लोकांनी एक टेम्पो अडवला होता.

"साहेब, एका लहान लेकराला खुर्चीला बांधून नेऊन राहिला म्हणे. पब्लिक लई तापलंय."

त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज मोबाईलवर नुसते फिरत होते. त्यात तथ्य शून्य, पण लोकांना कोण सांगणार? अशा जमावापर्यंत पोचायला थोडा जरी उशीर झाला, तरी माणूस हाती लागत नाही, प्रेत लागतं. मी डबा तसाच टाकून निघालो.

फाट्यावर टेम्पोभोवती ही गर्दी! टेम्पोवाला खाली बसलेला, शर्ट फाटलेला, ओठ फुटलेला. कंधारचा गाद्या भरणारा मुसलमान कारागीर, पन्नाशी ओलांडलेला. टेम्पोत मागे नव्या गाद्या रचलेल्या आणि पुढच्या सीटवर ती खुर्ची. लहान मुलांना कारमध्ये बसवतात ती, पट्ट्यांची. त्या भागात ती कुणी पाहिलेलीच नव्हती. खांद्यांवरून पट्टे, कमरेवरून पट्टे, मधोमध लाल खटका आणि आत दीडेक वर्षाची पोरगी जिवाच्या आकांतानं रडत होती.

"याला हात कुणी लावला? मारायचा ठेका घेतलाय का रे?" मी ओरडलो.

"मग काय करावं साहेब? लेकराला कुणी असं जनावरावानी बांधतं का?" गर्दीतून एक जण म्हणाला.

ठाण्यात आणून आधी डायरीला नोंद घेतली, टेम्पोवाल्याला पाणी पाजलं आणि समोर बसवलं. चौकशीत मी एक पथ्य कायम पाळलं. घाबरलेल्या माणसाला आधी पूर्ण बोलू द्यायचं, प्रश्न नंतर विचारायचे.

"अल्लाची शपथ साहेब, चोरलं न्हाई मी," तो म्हणाला. "पुलाच्या तिकडं एक कार खाली बाभळीत कलंडली हाय. बाप बेसुध, आईचा पाय अडकलाय. ती आतून वरडली, चाचा, आधी माझ्या पोरीला दवाखान्यात न्या. तो खटका मला उघडंना. मग गाडीच्या पट्ट्यातून आख्खी खुर्चीच सोडवून आणली. तिथं मोबाईलला रेंज न्हाई. फाट्यावर येऊन फोन लावावं म्हटलं, तर ह्यांनी मोबाईलच हिसकला. मी बोंबलून राहिलो, पण ऐकतंय कोण?"

मी बीट हवालदाराला मोटरसायकलवर पिटाळलं. बऱ्याच वेळानं रेंजमध्ये येऊन त्यानं फोन केला. "साहेब, पूल ओलांडून लांबवर जाऊन आलो. गाडी न्हाई, काई न्हाई. थापा मारतोय गडी."

आली का पंचाईत! हा खोटं बोलत असेल तर पोरीचे आईबाप कुठे आहेत, हे याच्याकडूनच काढायचं होतं. आणि खरं बोलत असेल तर दोन जिवंत माणसं भर उन्हात मरायला टेकली होती. टेम्पोवाला हात जोडून एकच म्हणत होता, "मला मागाहून आत टाका साहेब, आधी त्या बाईला काढा." पकडलेला चोर स्वतःला सोडवण्यासाठी गयावया करतो, हे मी हजारदा पाहिलंय. हा दुसऱ्यासाठी करत होता. मला तो खरा वाटायला लागला, पण नुसत्या वाटण्यावर पोलिसाचं भागत नाही.

तेवढ्यात महिला शिपाईनं हाक मारली. तिनं खटपट करून खटका उघडला होता आणि ती पोरीचं झबलं बदलत होती. "साहेब, हे बघा." झबल्याच्या चुण्यांत, खुर्चीच्या गादीत खडीसाखरेएवढे काचेचे खडे अडकले होते. मी अपघातांचे इतके पंचनामे केलेत की ते बघताच ओळखलं. गाडीच्या खिडकीची काच अशी फुटते. म्हणजे गाडी उलटली होती आणि ही पोरगी तिच्यात होती. अंगावर पट्ट्यांचे लाल वळ सोडले तर साधा ओरखडा नव्हता.

"उठा चाचा," मी म्हणालो. "जागा दाखवा."

अँब्युलन्सला फोन करून आम्ही सुसाट निघालो. पुलाच्या पुढच्या वळणावर चाचांनी गाडी थांबवायला लावली. रस्त्यावरून खरंच काही दिसत नव्हतं. हवालदारानं मोटरसायकलवरून न उतरताच पाहिलं होतं. चाचा उतारावरून घसरत खाली गेले, मागोमाग आम्ही. बाभळीच्या दाट जाळीत कार आडवी पडली होती. नवऱ्याचा श्वास चालू होता. बाई शुद्धीवर होती. मला बघितल्यावर स्वतःच्या पायाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

"माझी पोरगी?"

"ठाण्यात आहे ताई. ठणठणीत आहे. बिस्कीट खाऊन राहिली."

ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही. माझ्याही डोळ्यांना पाणी आलं. हुश्श! नोकरीत असा मोकळा श्वास मी फार कमी वेळा घेतला.

दोघंही नांदेडच्या दवाखान्यात बरी झाली. चाचांना मारणाऱ्यांवर मी गुन्हा दाखल केला. "आमचा हेतू चांगला होता," म्हणत ते मनधरणीला आले, पण मी बधलो नाही. हेतू चांगला होता, तर आधी विचारायला काय झालं होतं?

या प्रकरणानं मला एक शिकवलं. समोर दिसतं त्याचा अर्थ लावायची घाई करू नये. बांधलेलं लेकरू पाहून सगळ्यांना क्रूरपणा दिसला, आणि आईबापांनी तर मायेनंच बांधलं होतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारमध्ये पट्टा किंवा अशी खुर्ची हवी, नाहीतर गाडी चालवणाऱ्याला दंड, असा कायदा आहे. पण लोकांना मांडीच सुरक्षित वाटते. धडक बसते तेव्हा पहिलवानाच्या हातूनही मूल सुटतं. तसे पंचनामेही मी केलेत. त्यांच्याबद्दल लिहवत नाही.

डिस्चार्जच्या दिवशी जबाबाच्या कामानं मी दवाखान्यात होतो. उमरीहून पोरीची आजी आली होती. अपघात सोसलेली खुर्ची पुन्हा वापरायची नसते, म्हणून मामानं नवी आणून दवाखान्याबाहेर उभ्या असलेल्या गाडीत बसवली होती. पण पोरगी तिच्यात बसेना. पाय झाडून तिनं नुसता हैदोस घातला.

"आज राहू द्या आजीच्या मांडीवर," मामा म्हणाला. "भेदरलंय लेकरू."

आजीनं पोरीला उराशी धरलं, पटापट मुके घेतले आणि मामाकडे दिलं.

"न्हाई बाबा. त्या दिशी मी गाडीत असते, तर हट्टानं मांडीवरच घेतली असती हिला. बांध तू."

पोरगी रडत राहिली. म्हातारी तिच्या शेजारी बसली, स्वतःच्या खांद्यामागचा पट्टा चाचपडत ओढला आणि मला म्हणाली, "साहेब, हा कुठं अडकवायचा?"

मी वाकून लावून दिला.